गोधडीची पाठ

वऱ्हाड आणि मराठवाडा जेथे एकमेकांना भिडतात त्या लोणार तालुक्यात, बीबी व तिच्या आसपासच्या खेड्यांत, जुन्या कापडाचे थर एकावर एक रचून हाताने शिवलेल्या अंथरुणाला कोणी गोधडी म्हणते, तर कोणी वाकळ. तिच्याविषयी बोलताना कौतुक होते ते वरच्या बाजूच्या ठिगळांचे, त्यांच्या रंगांचे आणि टाक्यांच्या ओळींचे. परंतु जी बाजू अंथरल्यावर जमिनीला टेकते आणि पांघरल्यावर बहुधा अंगाला लागते, ती पाठीची बाजू, म्हणजेच अस्तर, हीच गोधडीतील पहिली निवड असते. शिवण्याच्या क्रमात ती सर्वांत आधी, उलटी करून, सारवलेल्या ओसरीवर किंवा फरशीवर अंथरली जाते. मधले थर आणि वरची ठिगळे तिच्यावर बसतात. वरची बाजू चिंध्यांची असली तरी चालते, पाठ मात्र शक्यतो सलग हवी असते, आणि यामागचे कारण सौंदर्याचे नसून शिवणीचे आहे.

गोधडी बहुधा कडेने शिवायला घेतात. चारही बाजूंनी एक फेरी पुरी झाली की तिच्या आतून दुसरी, असा धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर जात पुढे सरकणारा साधा टाका, हळूहळू मध्याकडे येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ज्या ‘कवंदी’ शिवतात, त्यांचा क्रमही असाच कडेकडून आत येण्याचा आहे. अमेरिकेतील क्विल्ट शिवणारे सहसा उलटे करतात. ते मध्यापासून सुरुवात करून कापडाचा झोळ कडेकडे ढकलत नेतात आणि उरलेले शेवटी कापून टाकतात. कडेने शिवताना हा झोळ बाहेर काढायला वाट नसते, तो मध्यभागी साचतो. त्यामुळे पाठीचे कापड ताणले जाणारे, तिरके ओढले जाणारे किंवा निसरडे असेल तर गोधडीच्या पोटात चुण्या पडतात, आणि त्या नंतर कशानेही निघत नाहीत.

परंपरेने ही गरज भागवली ती लुगड्याने आणि धोतराने. नऊवारी लुगड्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सव्वादोन वारांचा, म्हणजे 81 इंचांचा, अर्थात पावणेसात फुटांचा होतो. लुगड्याचा पन्हा, म्हणजे विणलेल्या कापडाची रुंदी, सुमारे चार फूट असल्याने एका माणसाच्या अंथरुणाचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात आणि पाठीला कोठेही जोड द्यावा लागत नाही. सहावारी साडीचे तीन तुकडे प्रत्येकी 72 इंचांचे, म्हणजे सहा फुटांचे भरतात, तेवढ्यात उंच माणसाचे पाय बाहेर राहतात. गोधडीचे माप माणसावरून ठरते असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते बरेचदा वस्त्रावरून ठरलेले असते.

तथापि जुने लुगडे सर्वत्र सारखे जुने नसते. पदराचा भाग कमी झिजतो, काठ दाट विणलेला असल्याने वर्षानुवर्षे टिकतो, आणि काष्ट्याचा व बसण्याचा भाग सर्वांत आधी विरतो. विरणे म्हणजे फाटणे नव्हे. धागे जागच्या जागी असतात, पण झिजून इतके बारीक झालेले असतात की टाका ओढताच सुईच्या भोकापासून कापड चिरत जाते. म्हणून पाठीसाठी निवडलेले कापड उन्हासमोर आडवे धरून पाहावे: विरलेला पट्टा उरलेल्या कापडापेक्षा उजळ दिसतो. त्याच जागी दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून आडवे ओढले असता बारीक ‘चर्र’ असा आवाज आला, तर तो तुकडा मधल्या थरात घालावा, पाठीला लावू नये. तान्ह्या बाळाच्या गोधडीसाठी मात्र मुद्दाम धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर पाठीला घेतात, कारण तेथे टिकाऊपणापेक्षा बाळाच्या कातडीचा विचार आधी करावा लागतो. ही गोधडी दोन वर्षांत संपली तरी कोणाची तक्रार नसते.

आज अडचण निराळी आहे. घरात सुती लुगडी उरलेली नाहीत. पेटीत निघतात त्या नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या, ज्या रंगाने टवटवीत आणि अंगाने अभंग असल्यामुळे पाठीसाठी मोह घालतात. या मोहाला आकड्यांनी उत्तर देता येते. हवेतील ओलावा धरून ठेवण्याची सुताची प्रमाणित क्षमता त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के मानली जाते, तर पॉलिएस्टरची जेमतेम 0.4 टक्के, परिणामी वैशाखातल्या रात्री अशा पाठीवर घाम जिरत नाही, तो कातडी आणि कापड यांच्यामध्ये तसाच राहतो. शिवाय हे कापड गुळगुळीत असल्याने मधले थर त्यावर सरकतात, आणि चुलीची ठिणगी पडली तर सूत जळते, पॉलिएस्टर मात्र वितळून अंगाला चिकटते. अशा साड्या फेकाव्यात असे नाही. त्या मधल्या थरांत किंवा वरच्या ठिगळांत खुशाल वापराव्यात, फक्त अंगाला लागणारी बाजू त्यांची नसावी.

मग नवे कापड विकत आणायचे तर त्यालाही पथ्ये आहेत. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, तर मधली जुनी लुगडी केव्हाच आटून झालेली असतात. दोन्ही न धुता एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात पाठ आखडते आणि वरची बाजू फुगून राहते. त्यामुळे कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून मगच कापावे. गडद लाल किंवा निळ्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा, कारण पाठीचा रंग सुटला तर तो वर उमटतो. विणही पाहावी लागते. पॉपलीनसारखे किंवा महागड्या चादरीचे दाट विणलेले कापड हाताला सुरेख लागते, पण चार-पाच थरांतून सुई काढताना बोटे सोलवटून काढते. हातशिवणीला मलमल, पातळ खादी किंवा साधे सुती धोतरच परवडते. यंत्रावर शिवणाऱ्यांना हा जाच नाही, त्यांनी दाट कापड अवश्य घ्यावे. दुकानांत सुती कापडाचे पन्हे बहुधा 36, 44 किंवा 58 इंचांचे मिळतात, तेव्हा जोड टाळायचा असेल तर 58 इंची पन्हा शोधावा. जोड द्यावाच लागला तर तो बरोबर मध्यावर देऊ नये, कारण झोपणाऱ्याची पाठ नेमकी तेथेच येते आणि शिवणीचा उंचवटा रात्रभर टोचतो. उभा धागा, म्हणजे ताणा, आडव्या बाण्यापेक्षा कमी ताणला जातो, म्हणून तो गोधडीच्या लांबीच्या दिशेने ठेवावा.

एकरंगी पाठीवर प्रत्येक टाका आणि प्रत्येक गाठ दिसते. बारीक छापाच्या कापडावर दोन्ही लपतात. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी एकरंगी निवडावे, कारण उलट्या बाजूला उमटणारी टाक्यांची जाळी हेच तर हातशिवणीचे खरे रूप असते. आणि ही पाठ एकदा लावली की कायमची असेही नाही: ती झिजली की गोधडी उसवत नाहीत, दुसरे सलग कापड खाली अंथरून तिच्यासकट नवे टाके घालतात, आणि कालची पाठ आत जाऊन एक थर होते. पुष्कळ वर्षे वापरलेल्या गोधडीची कड उसवून पाहिली तर आत अशा दोन-तीन पाठी सापडतात, जुन्यात जुनी सर्वांत मध्ये.