पडदा मोठा झाला तेव्हा

दर आठवड्याला ठरल्या वेळी घरी येणाऱ्या पाहुण्याशी आपली निराळीच जवळीक असते. आपण कपड्यांच्या घड्या घालत असतो आणि तो समोरच्या पेटीतून बोलत असतो. तोच पाहुणा तिकीट काढून, अंधारात, भिंतीएवढ्या पडद्यावर पाहायचा म्हटला तर? 'स्टार ट्रेक'ला या प्रश्नाचे उत्तर बरेच महाग पडले.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा टोकदार कानांचा स्पॉक आपल्याकडच्या पोराटोरांच्याही ओळखीचा झाला. अमेरिकेत मात्र ती कधीच संपली होती. १९६६ ते १९६९ या काळात ७९ भाग झाले आणि एनबीसीने गाशा गुंडाळला. तिचे खरे चाहते वाढले ते नंतर, स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणातून.

मालिकेकडे पैसा बेताचाच. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवणे परवडेना, म्हणून माणसांना क्षणात अदृश्य करून खाली 'पाठवण्याची' युक्ती निघाली! खरी गंमत होती तिघांत: धडाडीचा कॅप्टन कर्क, तर्कापलीकडे काही न मानणारा स्पॉक आणि त्याच्याशी सतत हुज्जत घालणारा डॉक्टर मॅकॉय. थोडक्यात, चार भिंतींतले भांडण. फक्त भिंती अवकाशात.

१९७७ मध्ये पॅरामाउंटने नव्या मालिकेची तयारी चालवली होती. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ने गल्ला भरला आणि वारे फिरले. मालिका बारगळली आणि तिच्या पहिल्या भागासाठी योजलेली कथा ताणून १३२ मिनिटांचा चित्रपट झाला. दिग्दर्शक कोण, तर 'द साउंड ऑफ म्युझिक'चे रॉबर्ट वाइज. ट्रिकदृश्यांचे काम एका कंपनीला जमेना, तेव्हा ते डग्लस ट्रंबुल आणि जॉन डायक्स्ट्रा यांच्या गळ्यात पडले. ७ डिसेंबर १९७९ ही प्रदर्शनाची तारीख काही हलणार नव्हती. खर्च गेला सुमारे साडेचार कोटी डॉलरवर.

एवढा पैसा ओतल्यावर तो दिसायला नको का? कर्क आपले जुने यान पाहायला निघतो, तर ती प्रदक्षिणाच जवळजवळ पाच मिनिटे चालते. यान देखणे आहे, जेरी गोल्डस्मिथचे संगीत तर अप्रतिम. पण पुढे बराच वेळ आपली माणसे गप्प उभी राहून समोरच्या पडद्याकडे पाहत राहतात आणि आपण त्यांच्याकडे. हुज्जत घालायला सवड कुणाला?

चित्रपट चालला, तरी स्टुडिओने हात आखडता घेतला. १९८२ च्या दुसऱ्या चित्रपटाला खर्च मिळाला पहिल्याच्या साधारण पाव हिश्श्याएवढा. निर्माते हार्व्ह बेनेट मूळचे टीव्हीतलेच. त्यांनी जुने भाग बसून पाहिले आणि १९६७ च्या एका भागातला खान हा खलनायक उचलला. दिग्दर्शक निकोलस मेयर यांना तर मालिका ठाऊकच नव्हती. पण नट पंधरा-सोळा वर्षांनी थोराड झालेत, हे त्यांनी लपवले नाही. उलट तीच गोष्ट केली. कर्कच्या वाढदिवसाला मॅकॉय त्याला भेट देतो ती चाळशीची!

आणि शेवटाकडे एक पारदर्शक भिंत. अलीकडे कर्क, पलीकडे मरणाच्या दारातला स्पॉक, भिंतीला टेकलेले दोघांचे हात. या दृश्याला कितीसा खर्च आला असेल?