काळी टाकी, करडी टाकी

पाहुणा आल्याची खरी खबर दादाच्या घरात काळ्या टाकीला लागते. एरवी दोघांचं अकरा-बारा दिवस निभतं. मी गेले आणि सातव्या सकाळी स्वयंपाकाच्या ओट्यावरचे, टाकी किती भरली ते दाखवणारे चार बारके दिवे बघून दादा म्हणाला, "झालं. तू आलीस आणि टाकी भरली." वहिनीनं डोळे वटारले, पण त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हिशेब होता. त्या घरात सगळंच हिशेबानं चालतं.

घर म्हणजे ३४ फुटी मोटरहोम. मागे एक छोटी मोटार बांधलेली, भाजी आणायला. दादा माझा मावसभाऊ. तो ७१ वर्षांचा, वहिनी ६८ची. न्यू जर्सीतलं चार खोल्यांचं घर विकून २०१९ पासून दोघं या गाडीत राहतात. सुट्टीपुरतं नव्हे, बारा महिने. आईला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "म्हणजे त्यांना राहायला घर नाही?" आणि मग हळू आवाजात, "पैशांचं काही बिनसलंय का?" बिनसलं काही नव्हतं. पण तिच्या प्रश्नाला नीट उत्तर मलाही देता आलं नाही, म्हणून २०२३च्या जानेवारीत दहा दिवस त्यांच्याकडे राहून आले.

मुक्काम होता ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झाइट नावाच्या गावाबाहेर. उन्हाळ्यात या गावात जेमतेम अडीच हजार माणूस असतं, कारण पारा चाळिशीच्या वर. थंडीत मात्र उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली म्हातारी माणसं आपापली घरं ओढत इथं उतरतात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. गावाला लागून सरकारी जमिनीचा ला पोसा नावाचा माळ आहे, हजारो एकरांचा. तिथं तेव्हा १८० डॉलरचा परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिने, हवं तिथं गाडी लावता यायची. आखलेले प्लॉट नाहीत, वीज नाही, दाराशी नळ नाही. पाणी भरायला आणि घाण ओतायला एक ठरलेली जागा, बाकी खडी, काटेरी झुडपं आणि सग्वारोची उंच निवडुंगं. मोकळं वाटतं खरं. पण त्या मोकळ्या माळावर मी दहा दिवस जे पाहिलं तो पक्का संसार होता, आमच्या दोन खोल्यांतल्या संसारापेक्षाही काटेकोर.

गाडी लावायची म्हणजे आधी पाणसळ. दादाकडे गवंड्याकडे असते तशीच आहे, आणि आणखी एक फोनमध्ये. उतरत्या बाजूच्या चाकाखाली पिवळ्या प्लॅस्टिकचे ठोकळे सरकवायचे, गाडी इंचभर चढवायची, पुन्हा बघायचं. मला हे म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं. मग वहिनीनं फ्रिजचं दार उघडून आतली इन्शुलिनची पेनं दाखवली. हा फ्रिज गॅसवर चालतो. आत अमोनिया आणि पाणी तापतं, फिरतं, थंडावा देतं. त्यात पंप नाही, सगळा खेळ उताराचा. गाडी फार कलती राहिली तर अमोनिया एका जागी साचतो, थंडावा बंद होतो आणि फ्रिजचं यंत्र कायमचं जातं. "ह्यांची पाणसळ म्हणजे माझं औषध," वहिनी म्हणाली.

वीज छतावरच्या सौर पॅनेलमधून येऊन बॅटऱ्यांत साठते. दुपारी अकरा ते दोनमध्ये कुकर, मिक्सर, फोन, सगळं उरकायचं. ढगाळ दिवस आला की संध्याकाळचा टीव्ही बंद. फोडणी मात्र बाहेर, ताडपत्रीच्या छपराखाली, वेगळ्या शेगडीवर. आत एकदा मिरचीची फोडणी दिली तर धुराचा भोंगा वाजला आणि तो वास मेपर्यंत पडद्यांतून गेला नाही, असं वहिनी सांगते.

पाण्याची गोष्ट वेगळीच. टाकी ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे २८० लिटर. अमेरिकन माणसाला हे पाणी पुरवणं हीच मोठी कसरत. शॉवर लावायचा, भिजायचं, बंद करायचा, साबण, पुन्हा लावायचा. दादा-वहिनींनी दुसऱ्याच महिन्यात शॉवर सोडला आणि बादली-तांब्या घेतला. सहा तांब्यांत आंघोळ. नळाचं पाणी गरम होईपर्यंत जे गार येतं तेही बादलीत धरतात, संडासात टाकायला. कढई आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. बेंगळुरूत असो की लातुरात, टँकरची वाट पाहिलेल्या कुणालाही हे शिकवावं लागणार नाही. चाळीस वर्षं न्यू जर्सीत वाया घालवलेलं पाणी आता परत करतोय, असं दादा म्हणतो. अतिशयोक्ती आहे, पण चालेल.

गावात एक स्मारक आहे, तेही त्यानं मला मुद्दाम नेऊन दाखवलं. स्मशानभूमीत दगडांचा छोटा पिरॅमिड, वर तांब्याचा उंट. अमेरिकन लष्करानं १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. गोऱ्या सैनिकांच्या तोंडी त्याचा 'हाय जॉली' झाला. यादवी युद्धात उंटांचा प्रयोग बारगळला, माणूस इथंच राहिला आणि १९०२ मध्ये इथंच गेला. पाणी पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांच्या गावाला हेच दैवत शोभतं.

आता टाक्या. मोटरहोमच्या पोटात तीन असतात. पांढरी चांगल्या पाण्याची, करडी आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची, काळी संडासाची. काळी ४० गॅलनची, दीडशे लिटर. तिच्या झडपेचा दट्ट्या कायम बंद ठेवायचा हा पहिला नियम. नवखे लोक तो उघडा ठेवतात, पातळ सगळं वाहून जातं, जड ते आत साचत साचत ढीग होतो आणि मग तो फोडायला माणूस बोलवावा लागतो. टाकीचा खरा शत्रू कागद. या वाहनांसाठी लवकर विरघळणारा वेगळा कागद मिळतो, तरी शेजारीपाजारी याच विषयावर तासन्‌तास बोलतात. आमच्याकडे लोटा. एका शेजाऱ्यानं दादाला विचारलं, तुझी टाकी कधीच कशी तुंबत नाही? दादानं त्याला आत नेऊन प्लॅस्टिकचा मग दाखवला. तोट्याची बाजू एकच, पाण्यामुळे टाकी लवकर भरते. पाहुणा असला की आणखी लवकर.

तर सातव्या दिवशी आम्ही घर आवरलं. घर आवरलं म्हणजे अक्षरशः. कपाटांना खिट्ट्या, सिंकमधली कपबशी टॉवेलात, बाहेर सरकवलेली बैठकीची भिंत बटण दाबून आत, पायरी आत, छपराची गुंडाळी. दादा यादी मोठ्यानं वाचतो, वहिनी "झालं" म्हणते, मग वहिनी वाचते आणि दादा म्हणतो. एकदा पायरी बाहेर राहिली होती आणि पेट्रोल पंपाच्या खांबानं ती नेली, तेव्हापासून दोनदा. मैलभर गेलो. काँक्रीटच्या ओट्यात झाकणाचं भोक, शेजारी नळ, पुढे चार गाड्यांची रांग. रांगेतली माणसं हवापाण्यावर बोलत होती. लाज कुणालाच नव्हती.

दादानं रबरी हातमोजे चढवले. गाडीच्या डाव्या पोटातलं झाकण काढून जाड नळी बसवली, तिच्या तोंडाशी काचेसारखा पारदर्शक बाक, दुसरं टोक भोकात. मग काळ्या टाकीचा दट्ट्या ओढला. नळी फुगली, थरथरली. त्या पारदर्शक बाकातून काय जातंय ते दिसत होतं आणि दिसायलाच हवं, कारण पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं असतं. मी चार पावलं मागे सरले. तो उभाच होता, एका हातानं नळी उचलून धरत. काळी झाली की करडी सोडायची. क्रम उलटा चालत नाही, साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते. शेवटी संडासात बादलीभर पाणी आणि थोडं रसायन, की टाकी पुन्हा कामाला तयार. सगळं मिळून वीस मिनिटं.

परत येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साताऱ्याच्या वाड्यातला मागचा बोळ आठवतो तुला?"

आठवत होता. टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून सकाळी एक बाई यायची, टोपली काढून डोक्यावर घेऊन जायची. ती आली की आम्हा पोरांना आत बोलावून दार लावून घ्यायचे. दिवाळीला तिला फराळ लांबून द्यायचे. असं काम माणसाकडून करून घेणं गुन्हा ठरवणारा कायदा व्हायला १९९३ उजाडलं.

"तिचं नाव काय होतं गं?" दादानं विचारलं.

मला आठवेना. त्यालाही आठवत नव्हतं. वहिनी गाडीतल्या आरशात बघत राहिली. पहिल्यांदा हे काम केलं त्या रात्री तो जेवला नव्हता, असं तिनं नंतर मला सांगितलं. आता करून येतो, हात धुतो आणि चहा मागतो.

जागेचं म्हणाल तर आतलं चटई क्षेत्रफळ पावणेतीनशे चौरस फूट. गिरगावातल्या चाळीत एवढ्यात सात माणसं राहिलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याचं अप्रूप नाही. पण चाळीतल्या माणसांना दिवसा कामाला जायची सोय होती. इथं निवृत्त नवरा-बायको चोवीस तास समोरासमोर. भांडण झालं तर दुसरी खोली नाही. वहिनी दुपारी मोटार घेऊन गावातल्या वाचनालयात जाऊन बसते, तो दोन तासांचा दुरावा दोघांनी ठरवून राखलाय. सगळ्यात मोठी भांडणं गाडी मागे घेताना व्हायची. तो स्टिअरिंगवर, ती मागे उभी, आणि तिचं "डावीकडे" म्हणजे कुणाचं डावीकडे यावर पहिली दोन वर्षं गेली. आता ती डावं-उजवं म्हणतच नाही. फोनवर सांगते, "निवडुंगाकडे", "डोंगराकडे".

मागच्या झुडपापाशी एक जुनी व्हॅन होती. तीत सत्तरीची एक बाई एकटी राहते. संध्याकाळी ती वहिनीकडे चहाला यायची, आल्याचा चहा तिला फार आवडतो. २००८च्या मंदीत तिचं घर गेलं. उन्हाळ्यात ती डोंगरांतल्या सरकारी तळांवर संडास धुण्याचं आणि पावत्या फाडण्याचं काम करते, थंडीत इथं. जेसिका ब्रुडरचं 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आलं ते अशाच माणसांवर, पुढे त्याचा सिनेमा झाला आणि २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. मला हे सांगणं भाग आहे, कारण या जगण्याची जी झगझगीत छायाचित्रं आपल्यापर्यंत पोचतात त्यांत ही बाई नसते. दोघींचा परवाना १८० डॉलरचाच. पण एकीचं घर विकलं गेलं आणि दुसरीचं गेलं, या दोन क्रियापदांत फार अंतर आहे. वहिनीला ते पक्कं ठाऊक आहे. आपण 'साधं राहतो' असं ती त्या बाईसमोर कधी म्हणत नाही.

कागदोपत्री दोघं साउथ डाकोटाचे रहिवासी आहेत. तिथं फिरत्या लोकांना एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल घेणाऱ्या संस्थेचा पत्ता दाखवून वाहन परवाना मिळतो, शिवाय राज्याचा प्राप्तिकर नाही. टपाल तिथं जमा होतं आणि महिन्यातून एकदा जिथं असतील तिथं येतं. राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा आजीव पास ८० डॉलरला एकदाच काढला. वर्षातून एकदा न्यू जर्सीत मुलाच्या दारात गाडी लावून सगळ्या तपासण्या. दाराशीच लावतात, मुलाच्या घरात झोपत नाहीत. सुनेला हे आवडतं की खटकतं ते मी विचारलं नाही.

एक प्रश्न मात्र विचारला. गाडी चालवता येईनाशी झाली की? दादानं उत्तर तयार ठेवलं होतं. टेक्सासात लिव्हिंग्स्टन इथं 'एस्केपीज' या फिरत्या लोकांच्या संघटनेनंच अशी एक जागा काढली आहे. आपली गाडी तिथं कायमची लावायची, तिच्यातच राहायचं, जेवण आणि दिवसाची देखभाल ते बघतात. दोघं जाऊन पाहून आलेत. "चाकं असतील, फक्त फिरणार नाहीत," दादा म्हणाला. वहिनी मध्येच म्हणाली, "आणि तुमच्या आधी माझ्यावर वेळ आली तर? किंवा वाटेत तुम्हालाच काही झालं तर गाडी कोण बाजूला घेणार?" चार वर्षांत तिनं ही गाडी एकदाही चालवली नव्हती. १०-११ टनांचं धूड, तिला भीती वाटायची. दादा काही बोलला नाही.

मी निघायच्या आदल्या सकाळी बघते तर वहिनी चालकाच्या जागेवर बसलेली आणि दादा बाहेर, हातात फोन. रिकाम्या माळावर तिनं गाडीला मोठा गोल घातला. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, त्याचा अंदाज यायला तीन फेऱ्या लागल्या. "निवडुंगाकडे," दादा ओरडत होता. "डोंगराकडे, डोंगराकडे!"

परवाना १५ एप्रिलपर्यंत होता, ते २ तारखेलाच निघाले. काळी आणि करडी रिकाम्या, पांढरी वजनाचा विचार करून अर्धी भरलेली. गावातून महामार्गापर्यंत गाडी वहिनीनं नेली, असं दादानं कळवलं. पुढचे चाळीस मैलही.