आधी पिशवी पाहा, मग सीलर घ्या



लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया आणि खोडव्यातले पाचट सोडून ऊस विकास विभागाने प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटवायच्या यंत्रावर का लिहावे, असा प्रश्न काहींना पडेल. कारण सरळ आहे. आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो आणि तोवर हाती पैसा येत नाही. मधल्या काळात आंतरपिकातला भुईमूग, हरभरा, शेजारच्या तुकड्यातली हळद यांवरच घर चालते. हा माल पोत्याने विकण्यापेक्षा शेंगदाणे, डाळ, हळदपूड अशी पाकिटे करून विकायला आपल्या घरच्या भगिनींनी सुरुवात केली आहे. कोणी घरापुरत्या गुळाची पावडरही करतात. (नोंदीचा ऊस मात्र कारखान्यालाच आला पाहिजे, हे जाता जाता सांगून ठेवतो!) शिवारात हिंडताना आम्हाला आता खताच्या मात्रेइतकेच "साहेब, सीलर कोणता घेऊ?" असेही विचारले जाते.

या प्रश्नावर आमचा उलटा प्रश्न असतो : पिशवी कोणती आहे?

एका बचत गटाचे उदाहरण घ्या. गटाने सोसायटीचे कर्ज काढले आणि छापील, चकचकीत, उभ्या राहणाऱ्या पिशव्या आणल्या. सीलर मात्र घरगुती, हातदाबाचा होता. पाकिटे दिसायला झकास. आषाढात दुकानदाराने गूळपावडरीची दोन खोकी परत पाठवली. आत पावडर नव्हती, ढेकळे झाली होती. गूळ हवेतले पाणी ओढतो हे आपण सारे जाणतो. सुई जाईल एवढी फट त्याला पुरते. हप्ता तर ठरल्या तारखेलाच भरावा लागला. गूळ चांगला होता, सीलरही बिघडलेला नव्हता. दोघांची जोडीच चुकली होती.

पिशवी ओळखा

साधी, मऊ, दुधाळ दिसणारी पिशवी पॉलिथिनची असते. ती साधारण १०५ ते ११५ अंशांना वितळते. कुरकुर वाजणारी, काचेसारखी स्वच्छ पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. तिला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. छापील चकचकीत पिशवी दोन-तीन थरांची असते. तिचा बाहेरचा थर उष्णतेला दाद देत नाही. चिकटतो तो आतला पॉलिथिनचा थर. म्हणजे उष्णता बाहेरचा थर ओलांडून आत पोचली पाहिजे. जाडी गेजमध्ये सांगितली तर १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, एवढे ध्यानात ठेवा.

घडीच्या पिशवीत आणखी एक मेख आहे. कडेला घडीमुळे चार पदर येतात, मधे दोनच. चाराचे दोन होतात तिथे पायरी पडते आणि पुष्कळदा नेमकी तिथेच फट राहते. वरच्या गटाचे नुकसान याच जागी झाले.

मग सीलर

हातदाबाच्या सीलरमध्ये दांडी दाबल्यावरच क्षणभर तार तापते. तो साध्या, पातळ, सपाट पिशवीला उत्तम. हळदपूड, डाळ, शेंगदाणे यांना सुरुवातीला एवढा पुरे. पिशवीच्या रुंदीपेक्षा इंचभर तरी लांब घ्या. तिरकी धरून दोनदा दाबलेली पिशवी हमखास गळते. तारेवरचे टेफ्लॉनचे कापड जळते, तारही तुटते. हे दोन्ही जवळच्या बाजारात मिळते का, हे विकत घेण्याआधीच विचारा.

पायाने दाबायच्या सीलरमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात. किलो-दोन किलोच्या पाकिटाला तो सोयीचा. थरांच्या जाड पिशवीला मात्र दोन्ही जबडे सतत तापलेले राहतील असाच सीलर हवा आणि सीलची पट्टी रुंद, आठ-दहा मिलिमीटरची हवी.

पट्ट्यावरून पाकीट पुढे सरकत जाते तो बँड सीलर. पुडीसाठी घ्यायचा तर पाकीट उभे जाईल असाच घ्या, आडव्यात पूड तोंडाशी येते. पण तो घेण्याआधी थोडा हिशेब मांडा. पट्टा मिनिटाला ६ मीटर चालला आणि पाकिटामागे ३० सेंटिमीटर जागा धरली, तर मिनिटाला २० पाकिटे होतात. दोघी जणी वजन करून मिनिटाला चारच भरत असतील तर यंत्र रिकामेच फिरणार. अशा वेळी पैसा आधी चांगल्या काट्यात घाला. शिवाय काम संपले की आधी उष्णता बंद करायची, पट्टा थंड होईतो फिरू द्यायचा. नाहीतर पट्टा जळतो.

विजेचे आणि हाताचे काम

हातदाबाच्या सीलरवरचा आकडा बहुधा वेळ दाखवतो, उष्णता नव्हे. गावात संध्याकाळी २३० चे १८० व्होल्ट झाले की उष्णता जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. सकाळी घट्ट बसणारे सील त्याच आकड्यावर संध्याकाळी सुटते ते यामुळेच. तेव्हा आकडा वाढवा, नाहीतर काम सकाळीच उरका.

पूड नरसाळ्याने भरा आणि तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसा. सीलमध्ये पूड अडकली तर भारी सीलरही काही करू शकत नाही. गिरणीतून आलेली गरम हळद लगेच भरू नका, आत वाफ धरते. दांडी दाबल्यावर दोन-तीन सेकंद तशीच धरून ठेवा. सील थंड होतानाच घट्ट बसते.

पारख फुकट आहे

रोज काम सुरू करताना पहिली पाच पाकिटे तपासा. अर्धा मिनिट थंड होऊ द्या, मग सील ओढून बघा. सील उकलले तर उष्णता कमी पडली. कड तपकिरी होऊन कुडकुडीत झाली तर जास्त झाली. सील शाबूत राहून पिशवी शेजारी फाटली, की समजा काम बरोबर आहे. मग एका पिशवीत नुसती हवा भरून सील करा, पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडा आला की त्या जागेवर खूण करा. रोज तिथेच येत असेल तर दोष तारेत किंवा घडीत शोधा.

सीलर घ्यायला जाल तेव्हा आपली पिशवी आणि आपलाच माल बरोबर न्या. दुकानदाराच्या पिशवीवर कोणतेही यंत्र छान चालते. आपली दहा पाकिटे समोर सील करून घ्या, घरी आणून ओलसर हवेत पंधरा दिवस ठेवा आणि मगच पैसे मोजा. गूळपावडरीला तर पावसाळ्याचे पंधरा दिवस हीच खरी परीक्षा. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. कर्ज काढून घ्यायच्या यंत्राला सूट कशाला द्यायची?