गळाला लागलेला वीकेंड

फिशिंग रॉड कशामुळे तुटतो? तुम्ही म्हणाल, मोठ्ठा मासा लागल्यामुळे. चूक! रॉड तुटतो तो गाडीच्या दारात सापडून, नाहीतर घरातल्या पंख्यात अडकून. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. ठाण्यातल्या माझ्या वन रूम किचनमध्ये, चारवर फिरणाऱ्या पंख्याखाली, मी स्वतः हा प्रयोग केलाय. आवाज फार मोठा येत नाही. 'टक्', एवढाच. पण पोटात गोळा येतो. कारण रॉड आपला नसतो, बाबांचा असतो.

झालं असं, की एका फोटोशूटसाठी मला काहीतरी जुनं, रेट्रो लूकवालं हवं होतं. रेवदंड्याच्या घरी माळ्यावर बाबांचा चॉकलेटी रंगाचा फायबरग्लासचा रॉड पडून होता. मी विचारलं, "बाबा, नेऊ का?" ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "ने. मी कुठे वापरतोय आता."

हे वाक्य मला तेव्हाच खटकायला हवं होतं. माझ्या लहानपणी बाबा बँकेतून आले की चहा ढोसून थेट खाडीवर. सोबत शेजारचे काका. काका मस्कतला नोकरीला होते. 1996 साली परत आले तेव्हा त्यांनी एकसारखे दोन रॉड आणले, एक स्वतःला आणि एक बाबांना. पुढची पंचवीस वर्षं ही जोडी गरवायला गेली. 2021 च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत काका गेले. त्यानंतर बाबांचा रॉड जो माळ्यावर गेला, तो मी खाली काढेपर्यंत तिथेच होता.

आणि मी तो पंख्यात घातला. टोकाकडचे पाच इंच गेले. खालच्या एका गाइडच्या रिंगला तडाही गेला. मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. रॉड कपाटामागे लपवला आणि घरी फोन केला की विषय बदलायला लागले.

गुरू भेटला

दोन दुकानं फिरले. दोन्हीकडे एकच उत्तर, "मॅडम, नवीन घ्या ना, रिपेअरिंगच्या भानगडीत कशाला पडता?" दुसऱ्या दुकानदाराला बहुतेक माझा चेहरा बघून दया आली. त्याने एक मोबाइल नंबर दिला.

तो नंबर निघाला ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरचा. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या आणि शनिवार-रविवार स्वतःच्या हाताने रॉड बांधायचे, हा त्याचा फंडा. "नाव छापू नकोस हां," पहिल्याच भेटीत त्याने दम भरला. "ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटतं, शनिवारी मी क्लायंट कॉलवर असतो." म्हणून या लेखात तो फक्त 'गुरू'.

गुरूची बेडरूम म्हणजे अर्धं टेलरिंगचं दुकान आणि अर्धी प्रयोगशाळा. रंगीत दोऱ्यांची रिळं, कॉर्कच्या चकत्या, सिरिंज आणि भिंतीला टेकवलेल्या लांबलचक काळ्या नळ्या. या नळीला म्हणतात ब्लँक. कार्बन किंवा काचतंतूंचं रेझिन लावलेलं कापड एका निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळायचं, भट्टीत भाजायचं आणि आतली सळई ओढून काढायची, की झाला ब्लँक. त्यावर मूठ, रीलची बैठक आणि दोरी ज्यातून जाते त्या रिंगा, म्हणजे गाइड, बसवले की रॉड तयार.

"मग त्यात कस्टम काय?" मी आपला टिपिकल पत्रकारी प्रश्न टाकला.

उत्तर म्हणून त्याने एक नवाकोरा ब्लँक माझ्या हातात दिला. बूड जमिनीवर टेकवायचं, मध्ये तळहाताचा आधार द्यायचा, टोक हलकेच दाबायचं आणि ब्लँक गोल फिरवायचा. फिरवता फिरवता तो एका जागी चक्क उडी मारून स्थिर झाला. कापड गुंडाळताना कुठेतरी त्याचे थर एकावर एक जास्त येतात, त्यामुळे प्रत्येक ब्लँकचा स्वतःचा एक कल असतो. त्याला म्हणतात स्पाइन. बांधणारा तो शोधून खूण करतो आणि मगच गाइड कुठल्या बाजूला लावायचे ते ठरवतो. त्यातही दोन तट आहेत बरं का. काहींच्या मते स्पाइन हेच सगळं, तर काहींच्या मते नुसतं थोतांड.

गाइड किती? ढोबळ हिशेब, जितके फूट रॉड तितके गाइड, वर एखादा. ते आधी चिकटपट्टीने तात्पुरते लावायचे, दोरी ओवून रॉड वाकवायचा आणि दोरी रॉडच्या वळणाबरोबर जातेय का ते बघायचं. जात नसेल तर गाइड पुढेमागे सरकवायचे. तुमच्या हाताची लांबी, तुमची ताकद, तुमचा मासा. शर्ट शिवून घेतल्यासारखंच की!

कलकत्त्याचा बांबू

हा छंद काही आजचा नाही. कार्बन आणि काचतंतूंच्या आधी चांगला रॉड बांबूचाच असायचा. बांबू चिरून त्याच्या सहा निमुळत्या पट्ट्या काढायच्या आणि षटकोनी कांडी होईल अशा चिकटवायच्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर ज्या बांबूवर हे काम करायचे, त्याला ते 'कलकत्ता केन' म्हणत, कारण तो आपल्याकडून जहाजाने जायचा. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला 'टोंकिन' बांबू जास्त सरस ठरला. 1950 साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन मिळेना आणि तोवर बाजारात आलेल्या फायबरग्लासची चांदी झाली. कार्बनचे रॉड आले ते 1970 च्या दशकात.

आणि पुणेकरांनो, कॉलर ताठ करा. दख्खनच्या नद्यांमधला महाशीर, ज्यासाठी ब्रिटिश साहेब गळ घेऊन रानोमाळ हिंडायचे, त्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने 1839 साली केलं, ते तुमच्या मुळा-मुठेच्या माशावरून!

मॅचिंग दोरा

माझ्या केसकडे येऊ. गुरूने बाबांचा रॉड डॉक्टरसारखा तपासला. कापसाचा बोळा एकेका गाइडमधून फिरवला. तडा गेलेल्या रिंगेला लगेच कापसाचे तंतू अडकले. "ही रिंग आता ब्लेड आहे. दोरी कापणार."

टोकाचं काम सोपं होतं. तुटकी कड साफ करायची आणि थोड्या जास्त व्यासाची नवीन टिप गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवायची. टिप कधीच इपॉक्सीने चिकटवायची नाही, पुढच्या वेळी निघत नाही. "रॉड पाच इंच छोटा आणि थोडा कडक होईल, पण चालेल." मी सुस्कारा सोडला.

तो लवकरच अडकला. गुरूने भिंग लावून बाकीचे गाइड पाहिले. तीन गाइडच्या पायाशी तांबूस डाग होते. "पाणी शिरलंय. आत गंज आहे. हे सगळं कापून नव्याने बांधावं लागेल. आणि हा दोरा बघ, हा रॉडचा दोराच नाही. कोणीतरी शिलाईच्या दोऱ्याने बांधलंय. पण हात कसला साफ आहे!"

मरून रंगाचा दोरा. वर पिवळं पडलेलं व्हार्निश. तीन गाइडवर आणि मुठीच्या वर एक दोन बोटं रुंदीचा शोभेचा पट्टा. बाबांना साधं बटण लावता येत नाही. मग हे काम कोणाचं, ते कळायला मला वेळ लागला नाही.

गुरूने ब्लेड पुढे केलं. मी ते घेतलं आणि परत ठेवून दिलं. आता फोन करण्यावाचून इलाज नव्हता.

"बाबा, एक सांगायचंय. रागवू नका."

सगळं सांगितलं. पंखा, कपाट, चार महिने. पलीकडे शांतता. मग बाबा म्हणाले, "चार महिने कपाटामागे? उभा ठेवलास की आडवा?"

"उभा."

"मग ठीक आहे." पुन्हा शांतता. "तेव्हाच सांगायचं होतंस." ते चिडलेच होते, आवाजात कळत होतं. मी काही बोलले नाही. आईने फोन घेतला आणि माहिती पुरवली. एका रविवारी गाइड सुटून आला म्हणून काका ओटीवर येऊन बसले, "वहिनी, जरा दोरा द्या." तिने मशीनवरचं रीळ दिलं. "पाडव्याच्या साडीच्या ब्लाऊजसाठी आणला होता मॅचिंग सेंटरमधून! अख्खं रीळ संपवलं दोघांनी."

मग पुन्हा बाबा. मी विचारलं, "कापू का?"

"गंज धरलाय ना? मग काप. तो असता तर त्यानेही कापलाच असता." थोडं थांबून म्हणाले, "मुठीवरचा पट्टा तेवढा राहू दे."

पट्ट्याबद्दल मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

इपॉक्सीने रडवलं

गुरूचं म्हणणं, पट्ट्यावर भार येत नाही, हलकेच घासून त्यावर नवा थर देता येईल. बाकी काम मात्र माझं मला करायचं होतं.

सेटअप एकदम देशी. खोक्याच्या दोन बाजूंना व्ही आकाराच्या खाचा, त्यात रॉड आडवा. दोऱ्याचं रीळ चहाच्या कपात आणि दोरा जाडजूड डिक्शनरीच्या पानांमधून ओढलेला, म्हणजे ताण सारखा राहतो. मग रॉड हाताने फिरवत राहायचं, दोरा वेढ्याला वेढा भिडवत गुंडाळायचा. गाइडचा पाय आधी कानशीने घासून निमुळता करायचा, नाहीतर दोरा त्यावर चढताना फट पडते. शेवटचे सात-आठ वेढे एका सुट्या दोऱ्याच्या फासावरून घ्यायचे, टोक फासात ओवायचं आणि फास ओढला की टोक वेढ्यांखाली गायब. गाठ नाहीच! पहिल्या गाइडला मला दीड तास लागला. त्या दीड तासात मी एकदाही मोबाइल बघितला नाही. माझा हा पर्सनल रेकॉर्ड आहे.

मरून रंगानेही फसवलं. इपॉक्सी मुरलं की दोरा गडद होतो, पांढरा तर जवळजवळ पारदर्शक होतो. म्हणून रिळाचा तुकडा ओला करून शेड बघायची. काकांच्या दोऱ्याशी जुळायला मला एक शेड फिका नायलॉन घ्यावा लागला.

आणि इपॉक्सी! दोन बाटल्या, सम प्रमाण. मी म्हटलं, अंदाजपंचे टाकू, त्यात काय. त्यात जुलै महिना. तीन दिवसांनीही लेप चिकटच होता आणि दमट हवेने वर दुधी साय धरली होती. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी सिरिंजने मोजून घेतलं, पाऊस उघडायची वाट पाहिली. लेप एका बाजूला ओघळू नये म्हणून रॉड काही तास सावकाश फिरत ठेवावा लागतो. त्यासाठी गुरूकडे बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमधली, काचेचं ताट फिरवणारी मोटर आहे. मिनिटाला पाच-सहा फेऱ्या, एकदम परफेक्ट. रात्री अकरापर्यंत आम्ही तो फिरणारा रॉड बघत बसलो होतो. नेटफ्लिक्स झक मारतं!

अष्टमीची भरती

कोजागिरीनंतरच्या आठवड्यात रॉड घेऊन रेवदंड्याला गेले. बाबांनी चष्मा लावून एकेक गाइड तपासला. "इथे फट राहिलीय." राहिलीच होती. मग मुठीवरच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत.

संध्याकाळी चारला स्वतःच चप्पल घालून उभे. "आज अष्टमी. आठ पाऊण सहा, सहाला भरती. भांगाचं पाणी आहे, ओढ नाही. मासा काही लागायचा नाही."

"मग कशाला जायचं?"

"रॉड बघायला नको?"

खाडीवर बाबांनी पहिली फेक टाकली, ती जवळच पडली. "कडक झालाय." दुसरी लांब गेली. दीड तासात एक बोटभर शेंगटी लागली, तीही काटे सांभाळत त्यांनी परत पाण्यात सोडली. मी फोटो काढायचा विसरले.

अंधार पडल्यावर दोरी गुंडाळताना त्यांनी विचारलं, "ते तुझं इपॉक्सी किती वेळात वाळतं?"

"हात लावायला एक दिवस. का?"

"वहिनींकडे त्याचा रॉड पडलाय अजून. गंजला असेल." मग जरा वेळाने, "उद्या तू आहेस ना इथे?"

सोमवारी सकाळी माझी एक मीटिंग होती. मी ती पुढे ढकलली.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

• सुरुवात नव्या रॉडपासून नको. घरातला किंवा मित्राचा जुना रॉड घ्या, एक गाइड बदलून बघा. माझा सगळा खर्च दोन मोठ्या पिझ्झांच्या बिलात बसला.

• इपॉक्सी हाताळताना नायट्राइल ग्लोव्ह्ज मस्ट, त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. ब्लँक घासताना मास्क लावा आणि ओलं करून घासा. ती धूळ फुप्फुसात नको.

• मोटरची जोडणी माहीतगाराकडूनच करून घ्या.

• कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात रॉड उभारू नका.

• मुंबईत शौकीन गाठायचे तर पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. कुठेही गळ टाकण्याआधी तिथली परवानगी आणि नियम विचारा.

• आणि हो, रॉड घरात आणताना आधी पंखा बंद करा.