चार आठवड्यांची विलायत

कोलकात्याजवळच्या न्यू टाउनमधल्या रवींद्रतीर्थात येणाऱ्या मराठी पाहुण्यांना एक गोष्ट सांगितली की ते चमकतात. रवींद्रनाथांच्या पहिल्या परदेशवारीची तयारी मुंबईच्या एका मराठी घरात झाली होती. 1878 साली सतरा वर्षांचा रवी विलायतेला निघाला, तेव्हा थोरले भाऊ सत्येंद्रनाथ यांनी त्याला आधी डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडांकडे ठेवलं. इंग्रजी बोलणं सुधारावं, तिकडच्या रीतीभाती कळाव्यात, हा हेतू. डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत राहून आलेली होती, तिनं शिकवणी घेतली. मग ब्रायटन, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हेन्री मॉर्ली यांची इंग्रजी साहित्याची व्याख्यानं, आणि 1880 मध्ये पदवी न घेताच परत. आज याला कुणी शॉर्ट टर्म स्टडी अब्रॉड म्हणेल. फरक एवढाच की तयारीला त्यांनी काही आठवडे दिले, आणि आज ती दीड तासाच्या झूम कॉलवर उरकते.

मी न्यू टाउनमध्ये राहायला आले तेव्हा, आज ज्याला विश्व बांगला सरणी म्हणतात, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींपेक्षा मोकळी जमीन जास्त होती. इको पार्क 2012 च्या डिसेंबरात उघडला. आलिया विद्यापीठाचं इथलं आवार 2014 मध्ये झालं, सेंट झेवियर्स विद्यापीठ 2017 मध्ये सुरू झालं, खासगी विद्यापीठंही याच काळात आली, आणि त्यांच्याबरोबर ‘परदेशी विद्यापीठांशी करार’ असे भलेमोठे फलक आले. इथल्याच एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात मुलांचे कागद तपासायचं काम मी करते. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते वर्ष-दीड वर्ष आधी तयारीला लागतात, कर्ज काढतात, घरात रोज त्यावर बोलणं होतं. दोन आठवड्यांपासून एका सेमिस्टरपर्यंतच्या छोट्या कोर्सला जाणारी मुलं मात्र महिनाभर आधी दारात उभी राहतात. कोर्स जितका छोटा, तितका चूक निस्तरायला वेळ कमी. हे त्यांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी ती मान हलवतात.

सुरुवातीच्या वर्षांत जाणारी मुलं बहुतेक इंजिनिअरिंग आणि सायन्सची असत. जर्मनीच्या डाड संस्थेची ‘वाइज’ इंटर्नशिप, कॅनडात बारा आठवड्यांचं मायटॅक्स ग्लोबलिंक, फ्रान्सची शार्पाक शिष्यवृत्ती, जपानचा 2014 मध्ये सुरू झालेला साकुरा सायन्स, अमेरिकेसाठी 2012 पासूनची एस. एन. बोस स्कॉलर्स योजना. यात निवड कडक आणि खर्चाचा मोठा भाग समोरच्यांचा. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोसांचं नाव अशा योजनेला असणं मला फार आवडतं. ते स्वतः 1924 मध्ये ढाका विद्यापीठाची दोन वर्षांची अभ्यासरजा घेऊन युरोपला गेले होते. आइन्स्टाइनचं पोस्टकार्ड दाखवताच जर्मन वकिलातीनं फी न घेता व्हिसा दिला, अशी त्यांची आठवण सांगतात. आजच्या मुलांना प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र लागतंच. फी मात्र कुणी सोडत नाही.

2015 नंतर वारं बदललं. निवड नसलेल्या, पैसे भरले की प्रवेश मिळणाऱ्या ‘समर स्कूल’चे लोक कॅम्पसवर येऊ लागले. दोन आठवडे, दोन शहरं, विद्यापीठाच्या इमारतीत सकाळची चार व्याख्यानं, दुपारी बसमधून शहरदर्शन, शेवटी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. त्यात वाईट काही नाही, सहल म्हणून मजेचीच. पण तिची किंमत सहलीच्या दुप्पट आणि ती सीव्हीवर अभ्यास म्हणून मिरवायची, हे मला पटत नाही. ओळखायचं कसं, असं पालक विचारतात. वेळापत्रक मागा. कोण शिकवणार, एकूण तास किती, परीक्षा किंवा निबंध आहे का, आणि गुणपत्रिका विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून येणार की आयोजक कंपनीकडून. नंतरच्या वर्षांत करखात्यानंही नकळत एक खूण करून ठेवली. 1 ऑक्टोबर 2020 पासून परदेशी पैसे पाठवण्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, आला. शिक्षणासाठी तो ठरावीक मर्यादेच्या वरच लागतो, ती आधी 7 लाख होती, 1 एप्रिल 2025 पासून 10 लाख. तिकीट-हॉटेलसह विकलेल्या टूर पॅकेजला मात्र मर्यादा नव्हती, पहिल्या रुपयापासून कापणी. तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय नेतृत्व अभ्यासक्रमा’च्या बिलावर टूर पॅकेजचा टीसीएस दिसला, की आपण काय विकत घेतोय ते आयोजकानं स्वतःच लिहून दिलेलं असे.

हा टीसीएस बुडत नाही, ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या रिटर्नमध्ये परत मिळतो. पण मर्यादा त्या पॅनवर आर्थिक वर्षभराची मोजली जाते. वडिलांनी त्याच वर्षी थोरल्या मुलीची ऑस्ट्रेलियाची फी पाठवली असेल, तर धाकट्याच्या चार आठवड्यांवरही कापणी होऊ शकते. हातात तेवढी रोकड हवी.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे सगळंच थांबलं. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं परत सुरू झाली ती 27 मार्च 2022 ला. मधल्या काळात ‘व्हर्च्युअल एक्स्चेंज’ नावाचा प्रकार निघाला. रात्री दीड वाजता लॅपटॉपसमोर बसून मुलं कॅनडातल्या मुलांबरोबर प्रोजेक्ट करायची. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची वेगळीच पंचाईत झाली होती, कारण जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबर 2021 ला मिळाली. तोवर बऱ्याच देशांत ती लस घेतलेला माणूस लस न घेतलेलाच धरला जात होता. त्या दोन वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

साथीनंतर पुन्हा दारं उघडली तेव्हा व्हिसाचे नियम जागोजाग हललेले होते, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ आता त्यातच जातो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणासाठी पूर्वी शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा काढायचा. डिसेंबर 2020 पासून तो फक्त लांब पल्ल्याच्या इंग्रजी भाषेच्या कोर्सला उरला. सहा महिन्यांच्या आतलं बाकीचं शिक्षण साध्या व्हिजिटर व्हिसावर होतं, संस्था मान्यताप्राप्त असली आणि तिचं पत्र जोडलं की झालं. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही, पण देशात शिरायचा व्हिसा लागतोच, आणि हे दोन्ही एकच समजून मुलं निवांत राहतात. ऑस्ट्रेलियात व्हिजिटर व्हिसावर तीन महिन्यांपर्यंत शिकता येतं.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे क्रेडिट मिळणारा कोर्स पर्यटक व्हिसावर करता येत नाही, मग तो चार आठवड्यांचा का असेना. एफ-1 किंवा जे-1 हवा. एफ-1 ची सेविस ही विद्यार्थी-नोंदणीची फी 2019 मध्ये 200 वरून 350 डॉलर झाली, व्हिसाची फी 2023 मध्ये 185 डॉलर. म्हणजे कोर्सची फी आणि तिकीट बाजूलाच, नुसत्या दारावर 535 डॉलर. 2012 साली डॉलर पन्नाशीत होता, 2022 मध्ये त्यानं ऐंशी ओलांडली. आता हे पंचेचाळीस हजारांच्या वर जातं, आणि व्हिसा नाकारला तरी ते पैसे परत येत नाहीत. 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं काही आठवडे थांबवलं होतं, आणि जूनमध्ये परत सुरू केलं ते सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवण्याच्या अटीवर. पदवीला जाणारा ऑगस्टपर्यंत कसंबसं निभावतो. जूनच्या समर स्कूलवाल्याचा कोर्स तोवर संपलेला असतो.

युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी 2020 मध्ये 60 ची 80 युरो झाली आणि 11 जून 2024 पासून 90. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला पंधरा दिवस लागतात, पण नियमानुसार पंचेचाळीसही लागू शकतात. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, दोन पानं कोरी असावीत. आणि सगळ्यांत गोंधळाचा तो 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याचा नियम. कोल्हापूरकडचा एक मुलगा युरोपातल्या एका प्रयोगशाळेत बारा आठवड्यांसाठी निघाला होता. बारा आठवडे म्हणजे 84 दिवस, उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात धरायचा. त्याच्या आईचा फोन आला, “मॅडम, पोरगं एवढ्या लांब जातंय, तर शेवटी दहा दिवस स्वित्झर्लंड बी बघून येऊ दे की.” स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे, पण ते शेंगेनमध्ये आहे, तिथले दिवस त्याच हिशोबात. हातात राहिले सहा. शिवाय त्याच वसंतात तो आत्याकडे ॲमस्टरडॅमला आठवडाभर जाऊन आला होता, तेही 180 दिवसांच्या खिडकीत येत होते. मग प्रयोगशाळेशी बोलून मुक्कामच आठवडाभर कमी करावा लागला. पूर्वी शिक्क्यांवरून मोजताना सीमेवरचा अधिकारी एखादा दिवस इकडेतिकडे सोडून द्यायचा. 12 ऑक्टोबर 2025 पासून ईईएस ही ये-जा नोंदवणारी यंत्रणा आली, बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन दिवस यंत्रच मोजतं.

भत्ता मिळणार असेल तर ‘तीन महिन्यांच्या आत आहे, टुरिस्टवर चालेल’ हे मित्राचं वाक्य विसरून जावं आणि त्या देशाच्या वकिलातीचंच पान वाचावं.

कोलकात्याच्या मुलांना आणखी एक अडचण आहे, पुण्या-मुंबईकडच्यांना ती सांगूनही कळत नाही. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेला निघाल्या त्या इथूनच, कलकत्त्याच्या बंदरातून, ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नावाच्या जहाजानं. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरच्या पोस्टात होते. आजच्या मुलाला विमानानं युरोप गाठायचा तर दोहा, दुबई नाहीतर दिल्ली. ब्रिटिश एअरवेजनं 2009 मध्ये इथली लंडनची सेवा बंद केली, लुफ्थान्सानं 2012 मध्ये फ्रँकफर्टची. एअर इंडियानं 2020 मध्ये थेट लंडन सुरू केलं, तेही टिकलं नाही. त्यामुळे मुलं स्वस्त पडतं म्हणून दोन तुटक तिकिटं काढतात. पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास, दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

पैशाच्या बाबतीत सरकारी मदतीवर फार विसंबू नये. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही तशीच. पश्चिम बंगालचं स्टुडंट क्रेडिट कार्ड 30 जून 2021 ला सुरू झालं, 10 लाखांपर्यंतचं कर्ज 4 टक्के साध्या व्याजानं, परदेशी शिक्षणालाही. पण राज्यात दहा वर्षं राहिल्याची अट आहे, म्हणून हॉस्टेलवरच्या आपल्या नांदेड-सांगलीच्या मुलांना ते नाही. छोट्या कोर्सला पदवी नसल्यामुळे बँका एकूणच नाक मुरडतात. राहता राहिलं घरचं, नाहीतर ज्या योजनेत समोरची संस्था पैसे देते ते. दुसऱ्या प्रकारच्या योजनांचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच संपलेले असतात, म्हणून उन्हाळ्यात जायचं असेल तर दुर्गापूजेची सुट्टी संपताच शोधाला लागावं.

क्रेडिटचा प्रश्न इथल्या मुलांच्या तोंडी पहिलाच असतो: “क्रेडिट पाबो तो, मॅडम?” म्हणजे, क्रेडिट मिळतील ना? 2012 च्या आसपास उत्तर सरळ नाही असं होतं. सेमिस्टरभर बाहेर राहिलेला मुलगा परत येऊन हजेरी कमी म्हणून तेच पेपर पुन्हा द्यायचा. 2021 मध्ये यूजीसीची ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, 2022 मध्ये ट्विनिंग आणि दुहेरी पदवीचे नियम आले. ट्विनिंगमध्ये परदेशातली क्रेडिट एकूणच्या 30 टक्क्यांपर्यंत चालतात. हे वाचून पालकांना वाटतं, कुठलंही समर स्कूल आपोआप जमा होईल. तसं होत नाही. सुटा कोर्स धरायचा की नाही हे विभागाचं बोर्ड ऑफ स्टडीज ठरवतं, आणि निघण्याआधी त्यांची सही असलेला कागद नसेल तर परतल्यावर कुणी विचारत नाही.

युरोपात वर्षाला 60 ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिट, आपल्याकडच्या 2023 च्या क्रेडिट आराखड्यात वर्षाला 40. काही विभाग म्हणून तीनास दोन असं सरळ प्रमाण धरतात. तास मोजले तर चित्र वेगळं दिसतं, कारण एक ईसीटीएस 25 ते 30 तासांचा आणि आपलं एक क्रेडिट 30 तासांचं. इतिहासाच्या एका मुलीनं हा सगळा हिशोब मांडून डिसेंबरातच विभागाकडे अर्ज केला होता, सोबत कोर्सचा आराखडा, वाचनयादी, परीक्षेची पद्धत. आठवड्यांची संख्या कमी होती तरी तिनं निवडलेला कोर्स चांगला होता, रोज अभिलेखागारात बसायचं आणि शेवटी पाच हजार शब्दांचा निबंध. कागदावर सही मार्चमध्ये झाली, ती जूनमध्ये गेली. पाच ईसीटीएसचे तासांप्रमाणे चार व्हायला हवेत असं तिचं म्हणणं होतं. विभागानं प्रमाणावर बोट ठेवून तीन दिले. ती त्याविरुद्ध पुन्हा अर्ज करणार आहे, आणि अर्ज लिहायला मी तिला मदत करतेय.