पोटाचा पट्टा आणि दुखण्याचं मशीन

हडपसरच्या आमच्या बचत गटांत हल्ली कर्जाच्या मागणीत एक नवी वस्तू येते, विजेचं मशीन. कुणाला शिलाई करून मान आखडली म्हणून हवं असतं, कुणाला बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आत घ्यायला. मोबाईलवरच्या जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात, पण ती मशीनं वेगळी.

टेन्स हे दुखण्यासाठी. त्याचा हलका करंट नसांना झिणझिण्या देतो आणि दुखणं कमी जाणवतं. दुखण्याचं कारण तिथंच राहतं. ईएमएस मात्र स्नायूलाच आखडायला आणि सैल व्हायला लावतं. लकव्यानंतर किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ढिला पडलेला स्नायू कामाला लावण्यासाठी फिजिओथेरपिस्ट ते वापरतात. ते त्याचं खरं काम.

आणि पोटाची चरबी? स्नायू हलला म्हणून त्यावरची चरबी वितळत नाही. अमेरिकेत २००२ साली फेडरल ट्रेड कमिशननं असे पट्टे विकणाऱ्यांच्या जाहिरातींविरुद्ध खटले भरले होते. पट्ट्यासाठी गटाचं कर्ज काढू नका, असं आम्ही तोंडावर सांगतो. राग आला तरी चालेल.

ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी या मशीनला हातही लावू नये. घरात सासूबाईंना असेल तर हौसेनं त्यांच्या गुडघ्याला लावून देऊ नका. गरोदर बाई, फिट येणारी व्यक्ती, कॅन्सरचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही. एका पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथं मशीन नको, दवाखाना हवा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर आणि छातीवर पॅड कधीच लावायचे नाहीत. मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील तर भाजलेलंही कळत नाही, म्हणून बधिर जागा टाळा.

लावण्याआधी कातडी धुऊन कोरडी करा. बाम, तेल काही नको. मशीन बंद असतानाच पॅड चिकटवा, करंट अगदी कमीपासून हळूहळू वाढवा आणि काढण्याआधी पुन्हा बंद करा. पॅड सुकला किंवा त्याची कड उचलली गेली की करंट थोड्याच जागेतून जातो आणि तिथं चटका बसतो. भिशीसारखं मशीन चार घरांत फिरलं तरी पॅड ज्याचे त्याचे. झोपताना, ओल्या अंगानं, गाडी चालवताना आणि चार्जिंगला लावलेलं असताना वापरू नका.

पहिल्यांदा थोडाच वेळ, सौम्य करंट. जास्त जोरानं, जास्त वेळ ईएमएस वापरलं तर स्नायू आतून फाटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग भयंकर ठणकलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मशीन वापरलं होतं हे डॉक्टरांना आधी सांगा.