तिकीट विकणाऱ्याचे मोठेपण

हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजामाच्या रेल्वेने बसवाहतूक सुरू केली, तेव्हा तिच्यापाशी २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. संस्थेचा आकार कळण्यास एवढे दोन आकडे पुरेसे होते. त्याच हैदराबादेत २००८ साली निघालेल्या ‘अभिबस’ या कंपनीस हे माप लावू गेल्यास पंचाईत होते. इंटरनेटवरून ती बसची तिकिटे विकते. परंतु गाडी दुसऱ्याची, चालक दुसऱ्याचा आणि रस्ता सरकारचा. मग तिला लहान म्हणावे की मोठी?

अशा कंपन्या आपल्यामार्फत खपलेल्या तिकिटांची एकूण रक्कम अभिमानाने सांगतात. त्या आकड्याने कोणी दिपून जाऊ नये. समजा, हजार रुपयांच्या तिकिटामागे कंपनीस शंभर रुपये दलाली मिळाली, तर तिची मिळकत शंभराचीच. उरलेले नऊशे बसमालकाचे. हापूसच्या दलालाने सबंध बागेचे उत्पन्न स्वतःच्या खाती मांडावे, तशातलाच हा प्रकार! २०२१ मध्ये ‘इक्सिगो’ने अभिबसचा व्यवसाय घेतला आणि जून २०२४ मध्ये इक्सिगोची चालक कंपनी शेअरबाजारात आली. बाजारात आलेल्या कंपनीस हिशेब जाहीर करावे लागतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आकार आणि महत्त्व मात्र एक नव्हे. २००५ च्या दिवाळीत बेंगळुरूहून हैदराबादकडे जाण्यास फणींद्र सामा या तरुण अभियंत्यास तिकीट मिळाले नाही. एका दलालाकडे जागा संपल्या तरी त्याच गाडीत दुसऱ्याकडे त्या शिल्लक असू शकत, पण हे कळण्यास मार्ग नव्हता. त्यातून २००६ साली ‘रेडबस’ निघाली आणि रिकामी जागा प्रवाशास घरबसल्या दिसू लागली. दखल घ्यावी ती या बदलाची. अभिबसलाही आम्ही हीच कसोटी लावू.

तथापि प्रवाशास आसन दिसते, गाडीची अवस्था दिसत नाही. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बेंगळुरूहून हैदराबादला निघालेली खासगी बस महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ पेटली व ४५ माणसे जळून मेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादहून बेंगळुरूस निघालेली बस कुर्नूलजवळ अशीच पेटली. अशा वेळी ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे तिकीट विकणाऱ्यास म्हणता येते. खपलेल्या तिकिटांवर मोठेपण सांगणाऱ्या प्रत्येक कंपनीने गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, परवाना आणि विमा यांच्या मुदती पैसे घेण्यापूर्वी प्रवाशासमोर मांडाव्यात, अशी आमची मागणी आहे. आसनाचा नकाशा दाखविणाऱ्यांना हे अवघड नाही.